दोन घड्याळें आणि एक कोंबडा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, आणि त्याबद्दल मी कोणालाहि दोष देणार नाहीं. ‘सॅम्पल रेट कन्व्हर्टर’ हें नांव उच्चारतांना माझीहि जीभ अजून अडखळते. हें एका चिपचें नांव आहे. ही चिप हाताच्या नखाएवढी असते, तिला अठ्ठावीस पाय असतात, आणि ती आंकडे आंत घेऊन दुसरे आंकडे बाहेर टाकते. एवढेंच तिचें काम. परंतु या नखाएवढ्या वस्तूनें माझ्या मावशीचा आवाज मला जवळजवळ कायमचा गमवावयास लावला होता. दोष चिपचा नव्हता, माझा होता. तीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. वाटेंत थोडें शास्त्र येईल, तें आपण गोड मानून घ्यावें.

माझी मावशी मुळशीकडील एका खेड्यांत राहत असे. पहाटे जात्यावर बसली म्हणजे ती ज्या ओव्या म्हणे, त्यांतल्या अर्ध्याअधिक तिच्या स्वतःच्या असत. त्या भागांतल्या बायकांच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पोएतवँ यांनीं पुढें मोठ्या कष्टानें जमविल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. मावशीच्या ओव्या त्या संग्रहांत नाहींत. त्या फक्त एका लहानशा डिजिटल कॅसेटवर आहेत. १९९४ सालच्या पौष महिन्यांत एका स्नेह्याकडून डॅट जातीचें यंत्र मागून आणून मी ती कॅसेट भरली. यंत्र एका दिवसापुरतें मिळालें होतें आणि कॅसेट एकच होती. म्हणून काटकसरीच्या गतीवर, म्हणजे दुप्पट वेळ पुरेल अशा रीतीनें, ध्वनिमुद्रण केलें. जाजमावर मी जात्याकडे तोंड करून बसलों होतों, पुढ्यांत दोन कानांचा मायक्रोफोन होता, आई माझ्या पाठीशीं बसली होती, आणि अंगणाचें दार आमच्या डाव्या हाताला होतें. हें दार लक्षांत ठेवावें.

मावशी १९९९ सालीं गेली. कॅसेट कपाटांत राहिली.

आतां थोडें शास्त्र. ध्वनि म्हणजे हवेच्या दाबाची वरखालीं होणारी हालचाल. हा दाब दर सेकंदास हजारों वेळां मोजावयाचा आणि प्रत्येक मोजमाप आंकड्याच्या रूपानें लिहून ठेवावयाचें, हें डिजिटल ध्वनिमुद्रणाचें सारें रहस्य आहे. एकेका मोजमापाला आपण नमुना म्हणूं. ज्या कंपनसंख्येपर्यंतचा ध्वनि टिपावयाचा, तिच्या दुपटीहून अधिक नमुने सेकंदास घेतले पाहिजेत, हा या विद्येंतला मूळ नियम. माणसाच्या कानाची वरची मर्यादा सेकंदास सुमारें वीस हजार कंपनांची. तेव्हां चाळीस हजारांहून थोडे अधिक नमुने पुरावेत. परंतु ‘थोडे अधिक’ म्हणजे किती, याबद्दल जगांत एकवाक्यता झाली नाहीं, आणि आमच्या चिपचा जन्म या भांडणांतूनच झाला.

१९८२ सालीं जपानांत सीडी प्रथम विक्रीस आली. तिच्यावर सेकंदास ४४,१०० नमुने असतात. हा आंकडा एखाद्या कारकुनाची चूक असावी असा दिसतो. पण त्याला कारण आहे. त्या काळीं इतके आंकडे सांठविण्यास चित्रफितीचें यंत्र हेंच सोईचें साधन होतें. जपान-अमेरिकेच्या पद्धतींत सेकंदास ६० अर्धचित्रें, एका अर्धचित्रांत उपयोगांत आणावयाच्या २४५ ओळी आणि एका ओळींत ३ नमुने; गुणाकार ४४,१००. युरोपांत ५० अर्धचित्रें, २९४ ओळी आणि तेच ३ नमुने. गुणाकार पुन्हा ४४,१००. दोन्ही खंडांचा हिशेब जुळला, आणि तो आंकडा सीडीच्या कपाळीं कायमचा लिहिला गेला. चित्रपट व दूरदर्शनच्या व्यवसायानें ४८,००० पसंत केला. नभोवाणीला पंधरा हजार कंपनांपर्यंतचा ध्वनि पुरे होत असल्यामुळें तिकडे ३२,००० रूढ झाला. १९८७ सालीं आलेल्या डॅट कॅसेटनें या तिघांनाहि घरांत घेतलें, आणि काटकसरीच्या गतीसाठीं ३२,००० ची योजना केली. माझी मावशी, अर्थातच, बत्तीस हजारांत गायिली.

डॅट यंत्रें पुढें मागें पडलीं. सोनी कंपनीनें २००५ सालच्या अखेरीस उरलेल्या यंत्रांचें उत्पादन थांबविल्याचें जाहीर केलें. तेव्हां मला घाई झाली. ज्यावर ती कॅसेट वाजेल असें यंत्र पुनः उसनें मिळालें. परंतु माझ्या संगणकाला जोडलेली ध्वनीची पेटी स्वस्तांतली होती. ती ४८,००० शिवाय दुसरा वेग ओळखीत नसे. एकीकडे बत्तीस हजार बोलणारें यंत्र आणि दुसरीकडे अठ्ठेचाळीस हजारच समजणारी पेटी. मधें दुभाष्या हवा. तो दुभाष्या म्हणजे ही चिप.

कोणी म्हणेल, यांत अवघड तें काय? बत्तीसास अठ्ठेचाळीस म्हणजे दोनास तीन. दर दोन नमुन्यांच्या जागीं तीन करावे आणि मोकळें व्हावें. ४४,१०० चे ४८,००० करावयाचे तर प्रमाण १४७ ला १६० असें वांकडें येतें खरें, पण दोनास तीन हें पोरालाहि जमेल. मलाहि असेंच वाटत होतें. या विचारांत एक गोष्ट विसरली जाते. डॅट यंत्राचे बत्तीस हजार हे त्याच्या स्वतःच्या घड्याळाचे बत्तीस हजार असतात आणि संगणकाचे अठ्ठेचाळीस हजार हे संगणकाच्या घड्याळाचे. हीं घड्याळें स्फटिकाचीं असलीं तरी दोन स्फटिक तंतोतंत सारखे चालत नाहींत. दहा लाखांत पन्नासाचा फरक धरा. घड्याळाच्या मानानें हा फरक क्षुल्लक आहे. तरीहि सेकंदाला दीड-पावणेदोन नमुने जास्त येतील किंवा कमी पडतील. तासाला ५,७६० नमुने झाले! विहिरीवरची मोट हौदांत पाणी ओतते आणि हौदाच्या तोटींतून पाट वाहतो. मोट पाटापेक्षां एवढीशी जास्त चालली तरी हौद केव्हां तरी भरून वाहणारच. हजार नमुन्यांचा हौद ठेवला तर तो या हिशेबानें साडेदहा मिनिटांच्या आंत भरेल. मग एखादा नमुना टाकून द्यावा लागतो आणि गाण्यांत ‘टक्’ असा आवाज होतो.

म्हणून खरा दुभाष्या निव्वळ गुणाकार करणारा असून चालत नाहीं. त्यानें दोन्हीं घड्याळांकडे सारखें पाहत राहिलें पाहिजे. येणारे नमुने किती अंतरानें येतात आणि जाणारे किती अंतरानें जावयाचे आहेत, याची सरासरी तो सतत काढीत राहतो, आणि हौदाची पातळी राखण्यासाठीं प्रमाणांत अत्यंत सूक्ष्म फेरफार करीत जातो. रॉबर्ट ॲडम्स आणि टॉम क्वान या दोघांनीं १९९३ सालीं ध्वनि-अभियंत्यांच्या नियतकालिकांत या पद्धतीचा सविस्तर लेख लिहिला, आणि ॲनॅलॉग डिव्हाइसेस कंपनीची एडी १८९० ही चिप याच विचाराची.

मी वापरली ती तिच्या पुढच्या पिढीची, एडी १८९६. तिचें अंतरंग पाहिलें म्हणजे माणसाच्या बुद्धीचें कौतुक वाटतें. दोन शेजारच्या नमुन्यांमधील क्षणाचे २ चा २० वा घात, म्हणजे १०,४८,५७६ सूक्ष्म भाग तिनें कल्पिले आहेत. नवा नमुना ज्या भागावर पडेल, त्याच्या आजूबाजूचे चौसष्ट जुने नमुने घ्यावयाचे, प्रत्येकाला त्या भागास योग्य असें वजन द्यावयाचें आणि सर्वांची बेरीज करावयाची. दोन बिंदू सरळ रेषेनें जोडून मधला आंकडा काढला असता तर काम सोपें होतें, पण ध्वनीची लाट सरळ रेषेनें चालत नाहीं, आणि कानाला ती लबाडी तत्काळ कळते. प्रत्येक नवा आंकडा हा चौसष्ट जुन्या आंकड्यांचें मिश्रण आहे, ही गोष्टहि श्रोत्यांनीं दाराप्रमाणेंच लक्षांत ठेवावी.

अशा चिपा विकत घेऊन घरीं यंत्र बांधणाऱ्यांचा एक पंथच आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत रविवार घालविणारे लोक या पंथांत मोडतात. या लोकांना, आणि त्यांत मीहि आलों, जितकी चिप दुर्मिळ तितकी ती प्रिय. फिलिप्सची टीडीए १३७३ किंवा निप्पॉन प्रिसिजनची एसएम ५८४९ अशीं नांवें घेतलीं कीं आमच्यापैकीं एखाद्याचे डोळे पाणावतात. एखादी चिप बाजारांतून जाते याला कधीं कंपनीचा निर्णय कारण असतो, कधीं दैव. २० ऑक्टोबर २०२० रोजीं जपानांतील नोबेओका येथें असाही कासेई कंपनीच्या चिपांच्या कारखान्यास आग लागली आणि कित्येक दिवस धुमसत राहिली. त्यानंतर त्या कंपनीच्या ध्वनीच्या चिपा जगभर दुष्प्राप्य झाल्या.

दुर्मिळतेच्या या हौसेबद्दल माझें मत आतां बदललें आहे. चिपपेक्षां तिचें माहितीपत्रक अधिक मोलाचें. तें हातीं नसेल तर सोन्याच्या पायांची चिपहि खडाच. आणि दुर्मिळ माल म्हटला कीं नकली माल आलाच. एका दुकानांतून मोठ्या भावानें आणलेल्या एका चिपवरील नांव स्पिरिटचा बोळा फिरवतांच निघून आलें आणि खालीं दुसरेंच नांव दिसूं लागलें. तेव्हांपासून स्पिरिटची बाटली मी दुकानांतच घेऊन जातों. दुकानदाराला तें आवडत नाहीं.

माझी एडी १८९६ मात्र अस्सल होती. तिचे पाय एकमेकांपासून ०.६५ मिलिमीटरवर असतात. भिंग लावून, श्वास रोखून सोल्डर करावें लागतें. तिला ३.३ व्होल्टचा पुरवठा दिला. बाहेरच्या वेगासाठीं १२.२८८ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसविला. ४८,००० ला २५६ नीं गुणलें म्हणजे हीच संख्या येते. डॅटमधून येणारी तार उलगडण्यासाठीं एक निराळी चिप तिच्या आधीं लावली. या दोन चिपांनीं एकमेकींशीं कोणत्या बोलींत बोलावयाचें, हें तीन पायांच्या जोडणीवरून ठरतें. तीन पायांपैकीं एक पाय मीं चुकीचा जोडला.

त्यांत काय बिघडतें तें सांगतों. आंकडे चिपमधून चिपमध्यें एकेका तारेवर ओळीनें, मोठ्या स्थानापासून लहान स्थानाकडे, जातात. एका बोलींत शब्दाचा पहिला अंक घंटा होतांच सुरू होतो. दुसरींत घंटेनंतर एक ठोका सोडून सुरू होतो. माझी पहिली चिप घंटेबरोबरच बोलूं लागे आणि दुसरी एक ठोका थांबून ऐकूं लागे. त्यामुळें प्रत्येक आंकड्याचा पहिला अंक हवेंत विरून जाई. हा पहिला अंक धन-ऋण सांगणारा असतो, तेव्हां सारा गोंधळ माजावयास हवा होता. परंतु ज्या वेळीं आवाज बेताचा असतो, म्हणजे कमाल मर्यादेच्या निम्म्याहून कमी असतो, त्या वेळीं दुसरा अंकहि पहिल्यासारखाच असतो. पहिला गेला तर दुसरा त्याची जागा घेतो. आवाज फक्त दुप्पट मोठा होतो. कानाला कांहींच दोष कळत नाहीं. आवाज निम्म्याच्या वर चढला कीं मात्र धनाचें ऋण होतें, ऋणाचें धन होतें, आणि कापड फाटल्यासारखा कर्कश आवाज निघतो.

म्हणून झालें असें कीं, जात्याची घरघर स्वच्छ, मावशीची खालची पट्टी स्वच्छ, मधलें आईशीं झालेलें बोलणें स्वच्छ. आणि जेथें मावशी ओवीच्या चढत्या चरणावर आवाज टाकी, तेथें तेथें फाटलेलें कापड. चूक इतकी शहाणी असेल अशी मला शंका कशी यावी? जें यंत्र बिघडलें आहे तें सगळीकडेच बिघडलेलें असावें, असें आपण धरून चालतों. मीं निष्कर्ष काढला कीं, पट्टी जुनी झाली, तिच्यावरचा लेप झडला. एक तास वीस मिनिटांचें मुद्रण मीं तसेंच संगणकावर उतरविलें, कॅसेट डबींत टाकली आणि आईला सांगितलें कीं, मावशीचे वरचे सूर गेले. आई कांहीं बोलली नाहीं. तिनें फक्त, जें उरलें आहे तें ऐकव, एवढेंच म्हटलें.

मीं तिच्या कानांवर हेडफोन चढविला. दहा-बारा मिनिटें ती डोळे मिटून ऐकत होती. मग एकाएकीं डोळे उघडून म्हणाली, “अरे, हा कोंबडा उजवीकडून कसा ओरडतो? अंगण तर आपल्या डाव्या हाताला होतें.”

मला वाटलें, हेडफोन उलटा बसला असेल. काढून पाहिला, सरळच होता. “तुला नीट आठवत नसेल,” असें मी म्हणालों. “माझ्या बहिणीचें घर मला आठवत नाहीं होय?” एवढें बोलून तिनें हेडफोन काढून ठेवला.

रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तें वाक्य माझ्या डोक्यांत फिरूं लागलें. पट्टी झिजेल, लेप झडेल, सूर फाटतील. पण पट्टी कितीहि झिजली तरी डाव्याचें उजवें कसें होईल? मी उठून माहितीपत्रक काढलें. त्या दोन बोलींत एक ठोक्याचा फरक आहे, हें मला ठाऊक होतें. पण त्यांत दुसराहि एक फरक आहे. एका बोलींत घंटेची तार वर असतांना डावा कान चालतो, दुसरींत ती खालीं असतांना. चुकीच्या बोलींत ऐकणाऱ्याला पहिला अंक मिळत नाहीं आणि डावें-उजवेंहि उलटें मिळतें. दोन्हीं दुखण्यांचें मूळ एकच होतें. भिंग घेतलें, पाहतों तों तिसऱ्या पायाची तार ३.३ व्होल्टला चिकटलेली. ती शून्याला असावयास हवी होती.

आतां उतरविलेले आंकडे दुरुस्त करतां येतील काय, असा प्रश्न पहिल्यानें मनांत आला. बत्तीस हजारांतलेच आंकडे जसेच्या तसे हातीं असते तर गमावलेला पहिला अंक शेजारच्या आंकड्यांवरून पुष्कळ ठिकाणीं ताडतां आला असता. परंतु मधें दुभाष्या बसला होता. त्यानें प्रत्येक खोट्या आंकड्याचें शेजारच्या खऱ्या आंकड्यांशीं मिश्रण करून टाकलें होतें. कढींत पडलेलें मीठ काढतां येत नाहीं. कॅसेटच पुनः वाजविणें भाग होतें, आणि ती एव्हांना बारा वर्षांची झाली होती. यंत्राच्या डोक्यांत पट्टी अडकली कीं संपलें.

या वेळीं मीं दुभाष्याला बाजूला ठेवलें. ओळखीच्या एका गृहस्थाकडे बाहेरून येणाऱ्या घड्याळाच्या मागें चालणारी, ३२,००० समजणारी पेटी होती. तिच्या साह्यानें डॅटचे आंकडे, एकहि न बदलतां, जसेच्या तसे उतरविले. सेकंदाला १,२८,००० बाइट या हिशेबानें एक तास वीस मिनिटांचे सुमारें ६१ कोटी ४४ लाख बाइट झाले. एका सीडीवर तेवढे मावतात. त्याच्या तीन प्रती करून तीन घरीं ठेवल्या. दुभाष्याचें काम त्यानंतर. रोजच्या ऐकण्यासाठीं, प्रतीच्या प्रतीवर.

पुष्कळ जण मला विचारतात कीं, ही चिप मधें घातली म्हणजे आवाज गोड होतो, हें खरें काय? माझें उत्तर असें कीं, बत्तीस हजारांचे अठ्ठेचाळीस हजार केल्यानें मूळांत नसलेला एकहि सूर उत्पन्न होत नाहीं. सोळा हजार कंपनांच्या वरचें जें त्या पहाटे टिपलें गेलें नाहीं, तें गेलेंच. येणाऱ्या घड्याळाचा कंप मात्र ही चिप बराच शोषून घेते, आणि हा फायदा लहान नाहीं. वीस हजार कंपनांचा पूर्ण आवाजाचा सूर सोळा अंकांच्या अचूकपणानें वाजवावयाचा तर घड्याळाची चूक एका सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्याहि आठव्या हिश्श्यांत ठेवावी लागते. परंतु जो कंप चिपला शोषतां आला नाहीं, तो नव्या आंकड्यांत मिसळून जातो आणि मग त्याला कोणीहि बाहेर काढूं शकत नाहीं. शिवाय आधींच मर्यादेला टेकलेल्या ध्वनिमुद्रणांत लाटेचें खरें शिखर कधीं कधीं दोन नमुन्यांच्या मधें लपलेलें असतें. नवा नमुना नेमका त्या शिखरावर पडला तर आंकडा मर्यादेबाहेर जातो आणि शेंडा कापला जातो. म्हणून आवाज आधीं थोडा उतरवून मगच चिपकडे द्यावा. जे हें करीत नाहींत, ते मग चिपला नांवें ठेवतात.

मला दिलेला वेळ संपत आला. त्या रविवारीं संध्याकाळीं मीं आईला पुनः बोलाविलें. पायाची जोडणी बदलली होती, तार नवी होती, आणि खूण राहावी म्हणून मीं ती मुद्दाम तांबडी घातली होती. आईनें हेडफोन स्वतःच चढविला, कोणता भाग डावा तें दोनदां पाहून. जातें घरघरूं लागलें. मावशीनें पहिली ओवी घेतली, चढत्या चरणावर आवाज टाकला, आणि तो कोठेंहि न फाटतां वर गेला. मी आईच्या तोंडाकडे पाहत होतों. थोड्या वेळानें तिनें डावा हात उचलून, न बोलतां, दाराच्या दिशेला बोट केलें. कोंबडा आरवला असावा. मग तिनें मला खूण करून आवाज आणखी थोडा मोठा करावयास सांगितलें.